रडण्याची साक्ष

३ ऑक्टोबर १७३१, रविवार

आज थोडक्यात वाचले! चर्चमध्ये स्तोत्र संपलं, सगळे थांबले, आणि मी एकटीच गात राहिले— अख्खं एक कडवं! गिरणीवाल्याच्या बायकोनं मान वळवून पाहिलं तेव्हा कुठे लक्षात आलं. तोंड मिटलं असतं तर संपलंच होतं. मी डोळे मिटले आणि कडवं पुरं केलं. बाहेर पाद्रीबाबांनी माझे दोन्ही हात धरले आणि बोलत सुटले. त्यांना पुढचे दात नाहीत, त्यांचे ओठ वाचणं म्हणजे शिक्षा. पण डोळे भरून आले होते त्यांचे. 'पुत्रशोकातही केवढी ही भक्ती' असलं काहीतरी असणार. मी मान हलवली. हल्ली मान हलवण्यावरच माझं सगळं चाललंय.

डावा कान जाऊन तीन हिवाळे झाले. उजवा मंदावत मंदावत या वसंतात पुरता गेला. कुणाला पत्ता नाही. नोकर म्हणतात, म्हातारी गर्विष्ठ आहे, बोललं तर उत्तर देत नाही. म्हणू देत. किनलॉरीच्या थोरल्या बाईनं गर्विष्ठ असलं तर चालतं. बहिरं असून चालत नाही. माझ्या नवऱ्याच्या आत्याचे कान गेले तेव्हा घरानं धरून चाललं की अक्कलही गेली. कमरेच्या किल्ल्या काढल्या आणि तिला बुरुजातल्या खोलीत नेऊन ठेवलं. तिथंच मेली. माझ्याहून शहाणी होती ती बाई.

८ ऑक्टोबर

सुनेनं वीट आणलाय. ग्रिझेल— मॉन्ट्रोझच्या कापडवाल्याची मुलगी. माझ्या थोरल्या निनियननं पसंत केली, मी नाही. बोलायचं झालं की उठून माझ्या पुढ्यात येते, तोंड उजेडाकडे करते, आणि एकेक शब्द चावून बोलते. तान्ह्या पोराला लापशी भरवावी तशी! काल म्हटलं तिला, "तुमच्या दुकानात गिऱ्हाइकाशी असंच बोलतात का?" हसली. पोट एवढं आलंय, नवरा जाऊन दोन महिने नाही झाले, आणि हसते.

मीही हसले असते कदाचित, निनियन असता तर. ऑगस्टात खाडी ओलांडताना होडी उलटली. दोघे भाऊ होते तीत. धाकटा लुडोविक पोहत काठाला लागला. निनियन दुसऱ्या दिवशी लागला.

लिहिलं एकदाचं. आता झोपते.

१५ ऑक्टोबर

डनबार वकील आला होता. लुडोविकनंच बोलावला. दिवाणखान्याच्या शेकोटीत पीटची ढेकळं इतकी धुरकट जळत होती की अर्धे ओठ दिसेनात. तरी कळायचं ते कळलं.

लग्न झालं फेब्रुवारीत. नवरा गेला ऑगस्टात. म्हणजे लग्नाला एक वर्ष आणि वर एक दिवस पुरा झाला नाही. अशा लग्नाला आपल्याकडे कायदा लग्न धरतच नाही— बाई आली तशी परत जाते. तिला नवऱ्याच्या जमिनीतला विधवेचा तिसरा हिस्सा नाही, राहायला खाडीकाठचं घर नाही, काही नाही. एकच सुटका. मूल जिवंत जन्मायला हवं, आणि ते रडलेलं कुणीतरी ऐकायला हवं. मग ते तासाभरात मेलं तरी चालेल. हिस्सा तिचा, मरेपर्यंत.

"हललं, श्वास घेतला, डोळे उघडले, याला किंमत नाही," डनबार म्हणाला. "रडू ऐकलं पाहिजे."

मुलगा झाला आणि जगला तर तोच लॉर्ड किनलॉरी, आणि लुडोविक नुसता काका. त्यामुळे लुडोविकची हल्ली झोप उडालेली आहे. पण आज तो भलताच गोड वागत होता. साक्षीला कोण, असा प्रश्न निघाला. सुईण बेस गेडिस? तिला ग्रिझेलनं शाल दिली आहे, बेस त्या शालीला विकली गेली म्हणतील. ग्रिझेलची मोलकरीण टिबी? ती तर माहेरून आलेली. तेव्हा लुडोविकनं माझ्याकडे बोट केलं. "आई आहे की! आईनं साक्ष दिली तर कोण बोलेल? नुकसान झालंच तर तिच्याच मुलाचं होणार." आणि मग हसून, "आणि आईचे कान म्हणजे कोल्ह्याचे कान. लहानपणी मी तळघरात बरणी उघडली की हिला माडीवर कळायचं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. ग्रिझेलही. ती पांढरी पडली होती.

आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "ठीक आहे."

ठीक आहे!

१६ ऑक्टोबर

का म्हटलं? का?

२२ ऑक्टोबर

कांद्याचा गरम रस. बदामाचं तेल. ईलमाशाची चरबी— शी! काही नाही. आज गिरणीपर्यंत चालत गेले, पाणचाकाला खेटून उभी राहिले. चाक फिरतंय, पाणी उडतंय, गिरणीवाला तोंड वासून ओरडतोय, आणि माझ्यापुरतं सगळं चित्रातलं. तिथंच रडू कोसळलं. गिरणीवाल्याला वाटलं, पाणी बघून निनियन आठवला. त्यानं बिचाऱ्यानं टोपी काढली.

देवा, एकदाच दे. त्या एका दिवसापुरता एक कान दे, मग परत घे.

२९ ऑक्टोबर

तिला माहीत आहे!!

दुपारी जेवताना लुडोविक माझ्या मागून आला आणि मागूनच काही बोलला असणार. ग्रिझेलनं माझ्या वाटीपाशी बोटानं दोनदा टकटक केली. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "आईसाहेब, भाऊजी विचारताहेत, तपकिरी घोडा नेऊ का? आज लंगडत नाही म्हणे." मी म्हटलं, "ने." आणि तेवढ्यात लख्ख उजेड पडला डोक्यात. ही टकटक काही आजची नव्हती! रोजची होती. तोंड उजेडाकडे करणं, पुढ्यात येऊन बसणं, प्रत्येकाचं बोलणं 'अमके असं म्हणताहेत' करून पुन्हा सांगणं— आणि मी तिला मंद समजत होते!

तिच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. केवढ्या मोठ्यानं बोलले कोण जाणे, कारण तिनं हात हलवून हळू, हळू, अशी खूण केली.

"कधीपासून?"

"पहिल्या जेवणापासून. वडिलांचं कापड आणणाऱ्या गलबतावरचा तोफवाला असाच होता, आईसाहेब. तोफांनी कान गेलेले. तुमच्यासारखाच तो उत्तर आधी द्यायचा आणि प्रश्न नंतर शोधायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून."

मी खुर्चीत बसले. चिडायचं ठरवून आले होते, राग सापडेना. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणासमोर बसले होते आणि भीती वाटत नव्हती. मग तीच माझ्या पायाशी बसली, मान वर करून, म्हणजे ओठ दिसावेत. म्हणाली, "मला मॉन्ट्रोझला पाठवू देऊ नका. वडील गेले. सावत्र भावानं मला विचारायच्या आधीच एका राळ विकणाऱ्या विधुराला माझ्या लग्नाचा शब्द दिलाय. त्याच्या आधीच्या बायकोचा हात त्यानं दारात चिरडला होता. सगळ्या बंदराला ठाऊक आहे."

"साक्षीला मीच बसणार आहे," मी म्हटलं. जणू तिला माहीत नव्हतं!

"नाही म्हणा."

"कारण विचारतील."

मग कारण सांगा, असं ती म्हणाली नाही. तेवढंच माझ्या जिवाला लागलं.

५ नोव्हेंबर

तोड निघाली. बाळ रडलं की टिबी उजवा हात वर करणार. बस. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहायचं आणि टिबीवरची नजर हलवायची नाही. टिबीनं रडणं ऐकलं, मी टिबीला पाहिलं— हे ऐकणं झालं का? देवापुढे झालं का? मी स्वतःला सांगते, झालं. लोक चष्म्यातून वाचतात, त्याला कुणी पाप म्हणत नाही. मी टिबीतून ऐकेन.

आज ग्रिझेलनं माझा हात तिच्या पोटावर ठेवला. आतून लाथ बसली. निनियनची लाथ! तीच, बरगडीखालून आडवी. मी म्हटलं, "हा गप्प राहणाऱ्यातला नाही." दोघी हसलो. किती हसलो!

१८ नोव्हेंबर

महिनाभर आधीच झालं. काय झालं ते क्रमानं लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

पहाटे कळा सुरू झाल्या. बेस गेडिस आली आणि नेहमीचा हुकूम सुटला— घरातलं प्रत्येक कुलूप उघडा, प्रत्येक गाठ सोडा, बंद काही राहिलं तर बाळंतीण अडेल. मी किल्ल्यांचा जुडगा घेऊन सगळ्या घरभर हिंडले. कपाटं, पेट्या, तळघर, माझी चहाची पेटीसुद्धा. नोकरांच्या बुटांचे बंद सोडवले. लुडोविक आणि डनबार खाली दिवाणखान्यात बसले होते, त्यांनाही गळपट्ट्यांच्या गाठी सोडायला लावल्या. लुडोविक काही चावट बोलला असणार. डनबार हसला. मला बघायला वेळ नव्हता.

दुपारी बाळ आलं. मी पायथ्याशी होते. टिबीवर नजर. आणि ऐन वेळेला ग्रिझेल मागे कोसळली, टिबीनं तिला दोन्ही हातांनी सावरलं! दोन्ही हातांनी! टिबीचं तोंड ग्रिझेलच्या केसांत. हात कुठला वर होतोय! मी बेसकडे वळले. बेस बाळाला घेऊन शेकोटीपाशी वाकलेली, पाठ माझ्याकडे. रुंद पाठ, राखाडी शाल. तिच्या कोपराची हालचाल तेवढी दिसली. मी धावले. खरंच धावले, या वयात. पोचले तेव्हा बाळाचं तोंड मिटलेलं होतं.

मुलगा. निळसर. केस ओले, काळे. मी छातीवर दोन बोटं ठेवली. चिमणीएवढं काळीज चाललं होतं. डोळे उघडून बघितलं त्यानं— माझ्याकडे की शेकोटीकडे, देव जाणे. मग बोटाखालचं थांबलं.

तिघीही म्हणतात, रडला.

मी विचारलं ग्रिझेलला, तिचं तोंड हातात धरून: "खरं सांग. माझी शपथ, त्याची शपथ. रडला?"

"रडला. मांजराच्या पिल्लाएवढा. पण रडला."

तिला खोटं बोलायला कारण आहे. मला माहीत आहे. पण तिचे ओठ मी गेले काही आठवडे वाचतेय. खोटं बोललेले ओठ मला कळतात. मला वाटतं, कळतात.

१९ नोव्हेंबर

मी त्याला मारलं असं नाही. मेलेल्यालाच पुन्हा मारलं.

सकाळी खाली बोलावलं. लुडोविक, डनबार, मध्ये पुस्तक. मी रात्रभर तयारी केली होती की म्हणायचं 'ऐकलं.' एक शब्द. डनबारनं माझा हात बायबलवर ठेवला, स्वतःचं तोंड अगदी माझ्यासमोर आणलं आणि विचारलं, "देवाला स्मरून सांगा, बाईसाहेब. आपण स्वतःच्या कानांनी मूल रडलेलं ऐकलंत?"

स्वतःच्या कानांनी. दुसरं काही विचारलं असतं तर सुटले असते. बायबल हाताखाली गार लागत होतं. माझ्या तोंडातून निघालं— "नाही."

खरं बोलले! सत्तरीला टेकलेल्या बाईनं अक्षर न् अक्षर खरं सांगितलं, आणि एवढं मोठं खोटं या घरात कुणी कधी बोललं नसेल.

डनबारनं लिहून घेतलं. लुडोविकनं माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं.

२२ नोव्हेंबर

वाईट आहे ते वाढतच चाललंय. बेस आणि टिबी दोघींनी 'रडला' म्हणून साक्ष दिली, आणि आता दोघींवर खोट्या शपथेचा ठपका येतोय. डनबारचं म्हणणं सरळ— ज्या खोलीत कोल्ह्याच्या कानांची म्हातारी उभी होती आणि तिला ऐकू आलं नाही, तिथं या दोघींना कसं आलं? बेसला गोणपाट नेसवून रविवारी सगळ्या चर्चपुढे उभी करणार म्हणतात. लुडोविकच्या वेळचं माझं बाळंतपण तिनंच केलं आहे, याच हातांनी.

आज बोळात गाठ पडली. म्हटलं, "बेस—" ती थांबली. माझ्या डोळ्यांत डोळे घालून, सावकाश बोलली, एकही शब्द हुकू नये असं. "बाईसाहेब, तुम्हाला आम्ही काय कमी केलं होतं?"

ग्रिझेल मात्र काही म्हणत नाही. दूध आलंय तिला. छातीला कोबीची पानं बांधून पडून असते. मी शेजारी बसते. ती माझ्या हातावर हात ठेवते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

२७ नोव्हेंबर

मॉन्ट्रोझहून ग्रिझेलचा भाऊ येतोय तिला न्यायला, पुढच्या आठवड्यात. परगण्याचे न्यायाधीश शेरीफसाहेबही येणार, निकालावर शिक्कामोर्तब करायला.

डनबारला एकट्याला गाठलं. विचारलं, साक्ष बदलता येते का? म्हणाला, "येते की. पण आधीचं 'नाही' आहे, मग नंतरचं 'हो' कोण मानणार? लोक म्हणतील, सुनेनं म्हातारीला रडून फितवलं." मग तोंड पुसत, "तुमचं 'नाही' होतं म्हणून बरं. ते नसतं तर दोन बायकांची साक्ष पुरली असती हो!"

ते नसतं तर. जेवण गेलं नाही. खारवलेला मासा ताटात माझ्याकडे बघत राहिला.

२८ नोव्हेंबर

माझं 'नाही' पुसायचं. 'हो' करायचं नाही, पुसूनच टाकायचं. आंधळ्यानं सांगितलं की मी पाहिलं नाही, तर त्याला कोण साक्ष म्हणेल?

सोपं आहे. तीन शब्द बोलायचे. तीन वर्षं ज्यांना गळा दाबून आत धरलंय तेच.

आणि मग किल्ल्या. आणि मग बुरुज. लुडोविक वाटच बघतोय, आता बायको आणायची आहे त्याला, तिला थोरली बाई नकोच आहे मधे. मी आज वर जाऊन ती खोली बघून आले. खिडकी उत्तरेला. भिंतीवर आत्याबाईंच्या नखांचे ओरखडे आहेत असं लोक म्हणतात. तसं काही नाही. ओल आहे नुसती. पण थंडी अशी की दात वाजले— वाजले असतील.

मला भीती वाटते. इथं कोण वाचतंय, लिहायला काय हरकत आहे? मला फार भीती वाटते.

२ डिसेंबर

सांगितलं.

सगळे जमले होते दिवाणखान्यात. शेरीफसाहेब, डनबार, लुडोविक, मॉन्ट्रोझचा भाऊ (लालबुंद मान, सारखा पेला भरून घेत होता), बेस, टिबी, ग्रिझेल शाल गुंडाळून खुर्चीत. मी उठले. "माझी साक्ष खोडून टाका. मी बहिरी आहे. ठार."

आणि लुडोविक हसला! खो खो हसला! त्याचं तोंड स्पष्ट दिसत होतं. "आई, पुरे कर हे नाटक! अगं, परवा मी पुटपुटलो ते तू बोळाच्या टोकाला पकडलंस!" पकडलं होतं खरं. आरशात. शेरीफसाहेबही मिश्कील हसले. "बाईसाहेब, मी आत्ता विचारलं तेव्हा तर तुम्ही उत्तर दिलंत." दिलं, कारण तुम्ही माझ्यासमोर बसलाय आणि तुमचे ओठ जाड आहेत! तरी कुणाला पटेना. पाद्रीबाबांचं ते भक्तीचं कौतुक निघालं, कोल्ह्याचे कान निघाले. केवढं बेमालूम लपवलं मी! स्वतःचंच खरं सिद्ध करता येईना. मी ओरडले, रडले. टेबलावर मुठी आपटल्या. म्हातारी सुनेपायी बिघडली, असंच दिसत होतं सगळ्यांच्या तोंडावर.

मग शेरीफसाहेबांनी परीक्षा घ्यायची ठरवली. मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, जुन्या पडद्यासमोर, जिथं काही चकाकत नाही. मागून कुणीतरी पिस्तूल उडवलं. आणि मी दचकले! जमिनीतून आलं ते पायात, पायातून पाठीत. वळून पाहिलं तर लुडोविक टाळ्या वाजवत होता.

त्या क्षणी सगळं संपलं होतं. ग्रिझेलनं तोंड झाकून घेतलं.

"पायातून आलं!" मी शेरीफसाहेबांना म्हटलं. "भुतासारखी हवेत तरंगत नाही मी. बोला काहीतरी. नुसतं बोला." ग्रिझेल उठून उभी राहिली, तिनंही काही सांगितलं त्यांना, हात हलवून हलवून. भला माणूस. नोकरांकडून लोकरीच्या गोण्या आणवल्या, मला त्यांच्यावर उभं केलं, दोन्ही बाजूंनी टिबी आणि बेस, पडू नये म्हणून. "मी बोलतो," लुडोविक म्हणाला. "माझ्या आवाजाला ती वळली नाही, असं आजवर झालं नाही."

पुन्हा तो पडदा. त्यावर विणलेलं हरीण, मागे कुत्रे. हरणाचा डोळा उसवलाय. मी त्या डोळ्याकडे बघत राहिले. लोकर पायाखाली मऊ. काही म्हणजे काहीच नव्हतं. मी आत स्तोत्र म्हणत होते आणि कुठं थांबायचं तेही ठरवत नव्हते. वेळ जात होता. फार जात होता. मला वाटलं, ते निघून गेले आणि मी एकटीच उभी आहे. बेसची बोटं एकदम माझ्या दंडात रुतली. दुखलं, पण वळले नाही. म्हटलं, मला वळवायचा हाही एक डाव असेल.

मग शेरीफसाहेबांनी स्वतः खांद्याला हात लावला.

वळले तर सगळ्यांचे चेहरे उतरलेले. डनबारची लेखणी हवेत. बेसनं शालीचं टोक तोंडाला लावलेलं. मॉन्ट्रोझच्या भावाचा पेला टेबलावर. कुणी माझ्याकडे नीट बघेना. लुडोविक जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, माझी कीव आली सगळ्यांना. मान ताठ ठेवली मी.

शेरीफसाहेबांनी लिहून घेतलं: पूर्ण बहिरी. थोरल्या बाईंची साक्ष बाद. उरलेल्या दोन साक्षी ग्राह्य.

ग्रिझेलचा हिस्सा तिचा! खाडीकाठचं घर तिचं! बेस सुटली! भाऊ आला तसा गेला!

मी मात्र तिथेच गोणीवर बसले.

४ डिसेंबर

किल्ल्या दिल्या. लुडोविकनं मागितल्या नाहीत, मीच टेबलावर ठेवल्या. त्यानं उचलल्याही नाहीत. गेले दोन दिवस तो माझ्यासमोर येतच नाही. लाज वाटत असेल, आईला बहिरी ठरवल्याची. मी उगाच त्याला वाईट समजत होते की काय.

बुरुज नाही! ग्रिझेल म्हणते, खाडीकाठच्या घरात तिच्याबरोबर राहायचं. "मला कुणाशी तरी सावकाश बोलायची सवय झालीय, आईसाहेब." मी म्हटलं, "तू बोलशील, मी मान हलवीन." हो म्हटलं तिला. ओटच्या भाकऱ्या आणि लोणी खाल्लं, पोटभर. कित्येक दिवसांनी चव लागली.

एक विचारलं तिला— "तो मागून काय बोलला गं?" म्हणाली, "असंच काहीतरी. आग लागली वगैरे." आणि शेकोटी सारखी करायला उठली, पाठ फिरवून.

ती माझ्याकडे कधी पाठ फिरवत नाही.

७ डिसेंबर

बेसला विचारलं. "मला नीट ऐकू आलं नाही, बाईसाहेब." बेसला!

९ डिसेंबर

आज ग्रिझेलचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि सोडलं नाही. तिनं सांगितलं. आधी तो म्हणाला, आई, आग लागली. कुणीतरी हसलं. मग म्हणाला, आई, तुझ्या खांद्यावर कोळी आहे. मी वळले नाही. मग तो चिडून अगदी जवळ आला, आणि म्हणाला: "आई, दादा पाण्यातून हाका मारत होता. मला ऐकू येत होत्या. मी मागे वळलो नाही."

आईला वळवायला रचलं हो ते, असं तो आता सगळ्यांना सांगत सुटलाय.

मी खाली गेले. खिडकीपाशी होता. त्याला उजेडात बसवलं, समोर खुर्ची ओढली, आणि म्हटलं, आता तोंडावर सांग, खरं की रचलेलं.

संध्याकाळ होईपर्यंत बसले. त्याचे ओठ हलले नाहीत.